कोब्यातली खाच

टँकर त्या दिवशी आला नाही. आदल्या दिवशी आला होता, पण ठेकेदाराने त्याचं पाणी आधी स्लॅबला दिलं, मग जमिनीच्या कोब्याला, आणि तळाशी उरलेलं गढूळ पाणी मजुरांनी वाटून घ्यावं असं सांगून तो मोटरसायकलवर टांग टाकून निघून गेला. सिमेंटला पाणी कमी पडलं तर ते तडकतं. माणसाला कमी पडलं तर तो फार तर कुरकुरतो. एवढं शहाणपण ठेकेदाराकडे होतं.

मिस्त्रीण सकाळपासून कोब्यावरची गोणपाटं ओली ठेवत होती. ऊन असं, की एका टोकाचं गोणपाट भिजवून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं वाळून कडक व्हायचं. बादली डाव्या हातात, कारण उजवा खांदा गेल्या उन्हाळ्यापासून दुखत होता आणि हात वर नेला की आत काहीतरी कटकन वाजायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याचे गुडघे गेले होते, सासऱ्याचे डोळे गेले होते. आता तिसऱ्याने आपलंही काही गेल्याचं सांगून घरात भर घालण्यात अर्थ नव्हता.

घर म्हणजे बांधकामाच्या मागे उभी केलेली पत्र्याची खोली. अशा खोल्यांमधूनच तिचा सगळा संसार झाला. नवरा मिस्त्री; तो लोकांच्या इमारती बांधायचा, इमारतीच्या खिडक्यांना काचा लागल्या की यांचे पत्रे उतरायचे. लेक लहान होती तोवर बरोबर फिरली. एका गावच्या शाळेत ती बाराखडी शिकली, पुढच्या गावात पुन्हा बाराखडीच शिकली, आणि त्याच्या पुढच्या गावात बाईंनी विचारलं, हिला पाढे कसे येत नाहीत? शेवटी तिला मामाकडे ठेवली. मामा चांगला होता, मामीही वाईट नव्हती. पण हल्ली फोनवर पोरगी "मी बरी आहे, तुम्ही कसे आहात" असं पाहुण्यांशी बोलावं तसं बोलायची. फोन ठेवल्यावर मिस्त्रिणीला बराच वेळ काही सुचायचं नाही.

आणि आता बांधत होते ती शाळाच होती. पण शाळेसारखं तिच्यात काही दिसत नव्हतं. ओळीने वर्ग नाहीत, पुढे ओटा नाही, मास्तरांची जागा कुठली तेच कळत नाही. मधे भलंमोठं दालन, त्याला सगळीकडून गुडघ्याएवढ्या उंचीवर लिहायचे फळे. खिडक्यांचे कट्टे इतके खाली की पोरांनी त्यावर बसून वाचावं. एका बाजूला रुंद पायऱ्या, त्या कुठेच जात नव्हत्या. बसून बोलण्यासाठी म्हणून ठेवल्या होत्या. आणि दालनाच्या मधल्या भिंती बांधायच्याच नव्हत्या. त्या शहरातून तयार होऊन यायच्या होत्या, घडीच्या, रुळावरून सरकणाऱ्या. सकाळी सरकवल्या की दोन खोल्या, दुपारी मिटल्या की एक.

मजुरांना या शाळेने हसायला चांगलं निमित्त दिलं होतं. शेजारच्या पत्र्यात फरशीवाला राहायचा. बाहेरच्या ओसरीच्या आणि न्हाणीघराच्या फरश्या त्याच्याकडे होत्या आणि तोंड सगळ्या साइटभर चालायचं.

"भिंतच नाही तर पोराला कोपऱ्यात उभं कसं करणार?" तो म्हणायचा. "आणि टेबलांना चाकं! झोपलेलं पोरगं टेबलासकट घरंगळत घरी जायचं."

शाळेचा आराखडा आखणाऱ्या नकाशावाल्या बाई हे ऐकून हसायच्या. वयाने त्या तरुण होत्या, उन्हाने नाक सोलून निघालेलं. चालता चालता मधेच गुडघ्यांवर बसायच्या आणि तशाच पुढे सरकायच्या. लहान मुलाला खोली कशी दिसते ते बघते, म्हणायच्या. पहिल्यांदा मजुरांना वाटलं यांचं काही पडलं आहे, आणि सगळे शोधायला लागले होते.

त्या दुपारी बाई गोणपाटांशी आल्या. "मिस्त्रीणबाई, हे काम संपलं की कुठं जाणार?"

"जिथं काम असेल तिथं."

"इथंच राहाल का?"

मिस्त्रिणीने बादली खाली ठेवली.

"ही शाळा नुसती बांधून भागणार नाही," बाई म्हणाल्या. "रोज मांडावी लागेल. सकाळी सगळी मुलं एकत्र, मग चार-चार जणांचे गट, मग कुणी नाटक करणार, कुणी नुसतं वाचत बसणार. प्रत्येक वेळी भिंती सरकवायच्या, टेबलं हलवायची, रुळातला कचरा काढायचा, काही मोडलं तर नीट करायचं. शाळेच्या समितीला एक जोडपं हवंय. मागे खोली आहे. ज्यांनी बांधली त्यांनाच ती सांभाळायला द्या, असं मी म्हटलंय. ठेकेदारही तुमच्याबद्दल चांगलं बोलला तर होऊन जाईल."

मिस्त्रिणीला विचारायचं बरंच होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "नळ आत आहे का?"

"आत आहे."

"आणि पोरगी? मामाकडे आहे आमची. तिला ठेवता येईल?"

"येईल म्हणजे काय! इथंच शिकेल ती."

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चहा संपवला, आणि उठून गेला. बऱ्याच वेळाने आला तेव्हा त्याच्या पँटच्या गुडघ्यांना धूळ होती. तो मागच्या खोलीत जाऊन वितीने जमीन मोजून आला होता.

"तिघं झोपतील आरामात," तो म्हणाला. मग पत्र्याला टेकून बसलेल्या बापाकडे बघून म्हणाला, "चौघंही झोपतील. जरा दाटीवाटीने."

म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणायचे. आबाही मिस्त्रीच होते, एकेकाळी नावाजलेले. त्यांनी घोटलेल्या कोब्यात तोंड दिसायचं, असं जुने लोक सांगत, आणि लोकांनी नाही सांगितलं तर ते स्वतः सांगत. आता डोळ्यांवर सायीसारखं आलं होतं. उजेड कळायचा, माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. दिवसभर ते सावलीत बसून साइटचे आवाज ऐकायचे आणि आपलं मत द्यायचे. "माल पातळ झालाय." "ती थापी कोण मारतंय? नवा दिसतोय." मिस्त्री हं हं करायचा. उन्हात वाकून वाकून पाठीचा काटा ढिला झालेल्या माणसाला दुसऱ्याचं बरोबर असलेलं मतही नको वाटतं.

त्या आठवड्यात मिस्त्रीने आपल्या आयुष्यातलं सगळ्यात सरळ काम केलं. दालनातला उरलेला लाल कोबा घालताना मधोमध आरपार एक खाच सोडायची होती, तीन बोटं रुंद, तेवढीच खोल. तिच्यात भिंतीचा रूळ बसायचा होता. "ही जरा जरी वाकडी झाली तर भिंत अडेल," बाईंनी बजावलं होतं. मिस्त्रीने दोरी ताणली, लाकडी पट्ट्या रंधून घेतल्या, पालथा पडून एक डोळा मिटून बघितलं, पुन्हा पट्ट्या काढल्या, पुन्हा बसवल्या. गुडघे टेकवत नव्हते म्हणून तो पोटावर पडूनच काम करायचा. संध्याकाळी त्याला उठवायला मिस्त्रीण एका हाताला आणि फरशीवाला दुसऱ्या हाताला लागायचा.

पट्ट्या काढल्या त्या दिवशी बाईंनी वाकून खाचेच्या कडेवरून बोट फिरवलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. "छान झालीय," म्हणाल्या. मिस्त्री त्या दिवशी दोनदा चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी आबा काठी टेकत दालनात आले. नवा कोबा पायाला कसा लागतो ते बघायचं होतं त्यांना. मधोमध आल्यावर काठी खाचेत गेली आणि ते झोकांडी खाऊन पडता पडता राहिले. खाली बसून त्यांनी हाताने चाचपून बघितलं.

"अरे, हे उघडं का ठेवलंय?"

मिस्त्री पलीकडे फळ्याच्या चौकटीला गिलावा करत होता. हातातला माल सुकत होता, घाम डोळ्यात जात होता. "राहू द्या आबा. ते नंतर होईल."

"नंतर म्हणजे कधी? पोरं पडतील की."

"होईल हो. तुम्ही बाहेर बसा बघू."

आबा बाहेर जाऊन बसले. मिस्त्रीच्या मनातून ती गोष्ट गेली. समजावून सांगायला बसलं असतं तर चार वाक्यांचं काम होतं, पण त्या वेळी चार वाक्यांचंही ओझं झालं असतं. अशी वेळ कुणावर येत नाही?

बाजारचा दिवस सुट्टीचा. साइट ओस पडली. मिस्त्री, मिस्त्रीण, फरशीवाला, त्याची माणसं, सगळे बाजाराला गेले. निघताना आबांनी सुनेला विचारलं, "चाळणी कुठं ठेवलीय गं?"

"न्हाणीघराच्या मागे. कशाला हवीय?"

"वाळूत खडे फार येतायत. बसल्या बसल्या चाळून ठेवतो."

तिला बरंच वाटलं. म्हाताऱ्याच्या हाताला काही काम लागलं म्हणजे तेवढा वेळ तोंडाला सुट्टी. ती घाईत होती, लेकीला पाठवायला फ्रॉकचं कापड बघायचं होतं.

संध्याकाळी परतले तेव्हा आबा खुशीत होते. हात कोपरापर्यंत पांढुरके, कानाच्या पाळीलाही सिमेंट. कित्येक दिवसांनी ते मागून घेऊन जेवले. पिण्याच्या पाण्याचा त्यांचा वाटा, झाकून ठेवलेला तांब्या, मात्र रिकामा होता.

"आबा, सगळं पाणी संपवलंत? उद्याचं काय?"

"तहान लागली," आबा म्हणाले आणि हसले. "पोराचं एक काम राहिलं होतं, ते करून टाकलं. त्याला बोल लागायला नको."

काम म्हणजे वाळू चाळली असेल, असं तिला वाटलं. मिस्त्री तर बसल्या जागी डुलक्या घेत होता. कुणीच उठून बघितलं नाही.

सकाळी ठेकेदाराच्या ओरडण्याने जाग आली. दालनात मधोमध ओलं गोणपाट अंथरलेलं होतं आणि ठेकेदाराने ते पायाने बाजूला सारलं होतं. खाच नव्हती. तिच्या जागी लाल कोब्यातून करडा पट्टा गेला होता, पाण्यासारखा सपाट. हात फिरवला तर कुठे सांधा लागत नव्हता. बारीक चाळलेली वाळू, सढळ हाताने घातलेलं सिमेंट, ठोकून ठोकून बसवलेलं, घोटून गुळगुळीत केलेलं, आणि तांब्याभर पिण्याच्या पाण्याने मुरवलेलं.

"कुणाचं हे काम? उद्या भिंतीची गाडी येतेय! बसवणारी माणसं येतायत! काय सांगू त्यांना, शाळा रद्द झाली म्हणून?" ठेकेदार गरागरा फिरत होता. मग तो फरशीवाल्यासमोर थांबला. "तुझ्याच लोकांकडे असला बारीक माल असतो. दिसली फट की भर, दिसली फट की भर. डोकं म्हणून काही आहे का?"

"साहेब, आम्ही बाजाराला होतो," फरशीवाला म्हणाला. त्याच्या तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं.

"मग काय भुतानं भरली? उचल तुझं सामान. माणसं घे आणि चालता हो."

मिस्त्री खाली वाकून पट्ट्याच्या टोकाकडे बघत होता. तिथे थापी उचलताना शेवटी डावीकडे हलकासा वळसा दिलेला होता. हा वळसा त्याने लहानपणापासून पाहिला होता, आणि तसाच जमावा म्हणून मारही खाल्ला होता. त्याने मान वर केली तेव्हा मिस्त्रीण त्याच्याकडेच बघत होती. तिलाही कळलं होतं. कानाच्या पाळीवरचं सिमेंट तिला आठवलं होतं.

"मी भरली," मिस्त्री म्हणाला.

ठेकेदाराला आधी ते ऐकूच आलं नाही. "काय?"

"मी भरली साहेब. त्याचा काही संबंध नाही. चूक झाली."

"तू? तूच सोडलीस ना ती?" ठेकेदार त्याच्या अगदी जवळ आला. "उन्हानं डोकं फिरलं का तुझं? का प्यायला होतास?"

मजूर बघत उभे होते. त्यांतल्या निम्म्यांना त्याने थापी धरायला शिकवली होती. कुणीतरी मागे फिसकन हसलं.

बाई दुपारी आल्या. पट्ट्याशी बसल्या, दोन्ही हात डोक्याला लावले. "मिस्त्री, तुम्हीच?" एवढंच त्यांनी विचारलं. मिस्त्रीने मान खाली घातली. बाईंनी फोन लावला आणि बोलत बोलत लांब गेल्या. भिंतीची गाडी थांबवावी लागली. शाळा उघडायचा दिवस पुढे गेला.

पत्र्यात शिरल्यावर मिस्त्रीण दबक्या आवाजात म्हणाली, "कशाला बोललात?"

"मग काय करू? त्याचं पोट मारू?"

"खरं सांगायचं होतं."

"बापाचं नाव सांगू? चारचौघांत? ठेकेदार त्यांना काय बोलला असता, ऐकवलं असतं तुला?"

"आणि लेक? आता कोण देतंय आपल्याला खोली?"

"लेक मामाकडे उपाशी नाही."

बाहेर आबा कुणाला तरी विचारत होते, सकाळी कसला गोंधळ होता रे? फरशीवाला म्हणाला, काही नाही आबा, पाण्यावरून. ठेकेदार होताच तसा, तोंडाने गरम आणि कृतीला थंड. फरशीवाल्याला हाकलणं तो तासाभरात विसरला होता.

मग फोडणं सुरू झालं. छन्नी-हातोड्याने, हातानेच, कारण मशीन लावलं तर लाल कोब्याच्या कडा उडाल्या असत्या. मिस्त्री पोटावर पडून छन्नी धरायचा, मिस्त्रीण बसून हातोडा मारायची. हलका मारला तर माल हलायचा नाही, जोरात मारला तर कड ढळपायची. दर घावाला खांद्यातली कळ दातांपर्यंत जायची. दालन तव्यासारखं तापायचं, दगडाची बारीक कच डोळ्यात जायची, डोळे धुवायला पाणी नव्हतं. दुपारपर्यंत हातभर खाच मोकळी झाली की पुष्कळ. चांगल्या कामाचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

आबा बाहेरून ऐकत होते. "काय फोडताय?"

"मागची पायरी," मिस्त्री म्हणाला. "वाकडी झालीय."

थोडा वेळ आबा घाव ऐकत राहिले. "माल चांगला आहे हो. ज्यानं कुणी केलंय त्यानं पक्कं केलंय. जीव काढील तुमचा."

मिस्त्रीच्या हातातली छन्नी थांबली. मग त्याने मानेनेच तिला खूण केली, मार.

काम संपत आलं त्या दिवशी ठेकेदार दालनात आला आणि जाता जाता म्हणाला, "त्या खोलीची आशा धरू नका. समितीला मी सांगितलंय, गावच्या चौकीदाराच्या भावाला ठेवा. खाच कशासाठी सोडलीय हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात शाळा कशी द्यायची?" मिस्त्री "बरं" म्हणाला. पाण्याचा टँकर उद्या येईल असं सांगितल्यावर म्हणावं, तसं तो म्हणाला.

मिस्त्रीण हातोडा घेऊन बसून राहिली. तिला कोबा दिसत नव्हता. पोरगी दिसत होती, मामाच्या ओसरीवर पाहुण्यासारखी नीट पाय जुळवून बसलेली. तेवढ्यात बाई आत आल्या, बरोबर समितीचे एक वयस्कर गृहस्थ होते, पांढऱ्या चपला धुळीतून जपून टाकत. बाई त्यांना खाच दाखवत होत्या, कडा कुठे दुरुस्त होतील ते सांगत होत्या. ठेकेदारही वळून परत आला.

"यांनी नाही भरली," मिस्त्रीण म्हणाली.

मिस्त्री पडल्या पडल्या ओरडला, "गप बस!"

"नाही बसणार. बाई, यांनी नाही भरली. आम्ही बाजाराला होतो. सासऱ्यांनी भरली. त्यांना दिसत नाही. त्यांना वाटलं काम राहिलंय. हे बापाला वाचवायला खोटं बोलले. यांना सगळं कळतं. यांच्यासारखी खाच दुसऱ्या कुणाला सोडता यायची नाही." शेवटी शेवटी तिचा आवाज चिरकला. तिने पुन्हा पहिल्यापासून तेच सांगायला सुरुवात केली, आणि मग तिला दिसलं की बाई तिच्याकडे बघत नाहीत, तिच्या मागे बघताहेत.

आबा दारात होते. काठी टेकत ते आत आले, खाचेपाशी खाली बसले आणि त्यांनी आत हात घातला. फोडलेल्या मालाची कपची बोटात धरून बराच वेळ चोळली.

"पायरी म्हणाला होतास," ते मुलाला म्हणाले.

मिस्त्री उठायचा प्रयत्न करत होता. त्याला कुणी हात दिला नाही.

"मीच भरली," आबा म्हणाले. "पोराला बोलू नका. मला वाटलं राहून गेलंय." ठेकेदार मोठ्याने हसला. "ह्या आंधळ्यानं? आणि मी तिकडं साइटभर चोर शोधतोय!" गृहस्थांनाही हसू आलं, पण बाईंचं तोंड बघून त्यांनी ते आवरलं. आबा हसण्याच्या दिशेला तोंड करून बसले होते आणि त्यांची मान जराशी हलत होती. मिस्त्रिणीला वाटलं, आत्ताच्या आत्ता ही जमीन आपल्याला पोटात घेईल तर बरं.

दुसऱ्या संध्याकाळी बाई पत्र्याशी आल्या. काम तुम्हालाच मिळालं, म्हणाल्या. मग बाहेरच उभ्या राहिल्या. "फक्त... समितीचं म्हणणं आहे, आजोबांना इथं ठेवता येणार नाही. उद्या मुलं असतील. पुन्हा काही झालं तर, असं त्यांना वाटतं. मी भांडले. खरंच भांडले."

"मग नको आम्हाला काम," मिस्त्री म्हणाला.

"घ्यायचं," आतून आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही मधे बोलू नका."

"मी थोरलीकडे जातो. पोरीला आणा." थोरली म्हणजे मिस्त्रीची बहीण. तिच्या घरी आबा पूर्वी एकदा राहिले होते आणि जावयाच्या शब्दांवरून आठवडाभरात परतले होते. हे तिघांनाही माहीत होतं. बाईंना माहीत नव्हतं, त्यांना हायसं वाटलेलं दिसलं.

मिस्त्रीण नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. नको, आबा राहू देत, असं तिने म्हणायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. ते तिने गिळले.

सकाळी तिने आबांचे कपडे बांधले. मिस्त्री बसची वेळ विचारायला गेला होता. आबा तयार होऊन बसले होते, केसांना पाणी लावून.

"तू बोललीस ते ठीक बोललीस," ते म्हणाले. "फक्त आधी मला सांगायचंस. मीच गेलो असतो ना ठेकेदाराकडे."

तिने गाठ मारलेली सोडली आणि पुन्हा मारली. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, ते जमलं नाही. आबांना दिसत नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, "चहा असेल तर दे."

भिंती आल्या, बसल्या. मिस्त्रीने रुळाच्या दोन्ही कडा लाल मालाने अशा सांधल्या की फोडल्याची खूण राहिली नाही. बायकोशी तो कामापुरतं बोलायचा. टेबल धर. दोर दे. खोलीत नळ होता, आणि पहिल्या दिवशी तिने तो सोडून उगाच हात खाली धरला, पण जसं वाटेल असं इतके दिवस वाटत होतं तसं काही वाटलं नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मामा लेकीला सोडून गेला. पोरगी उंच झाली होती. आल्या आल्या तिने खोली पाहिली, नळ उघडून पाहिला, बापाच्या गळ्यात पडली. मग दाराबाहेर वाकून बघितलं, दाराच्या मागे बघितलं, जणू कुणी लपून बसलंय.

"आबा कुठायत?"

मिस्त्री उठून बाहेर गेला.

"आत्याकडे गेलेत," मिस्त्रीण म्हणाली.

"कधी येणार?"

"चल, तुला भिंत दाखवते."

दालनात दोघींचीच पावलं वाजत होती. मिस्त्रिणीने डाव्या हाताने भिंतीची मूठ धरली आणि ढकलली. एवढी मोठी भिंत, पण दारासारखी हलकी निघाली. पोरगी "अगं बाई" म्हणाली आणि धावत येऊन तिनेही हात लावला. दोघी मिळून ती सरकवत गेल्या. मागे एक खोली बंद होत होती, पुढे एक उघडत होती. पोरगी रुळाकडे बघत चालली होती.

"आबांना दाखवली ही?" तिने विचारलं.

"त्यांना कुठं दिसतं गं."

"हात लावून बघितली असती त्यांनी," पोरगी म्हणाली. "सांगितलं असतं तर कळलं असतं की त्यांना."

भिंत टोकाला जाऊन टेकली. मग दोघींनी ती पुन्हा मागे आणली, कारण पोरगी म्हणाली, अजून एकदा.